व्यापाऱ्याचं कोयनेल

(निवेदन)

१९१२ साल. कारेल वेंकेबाख या डच हृदयतज्ज्ञाकडे एक व्यापारी आला. नाडी कधी धावायची, कधी अडखळायची. आज त्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. डॉक्टरांकडे खात्रीचा इलाज नव्हता. व्यापारी म्हणाला, नाडी मीच ताळ्यावर आणतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो परत आला, तर ठोके अगदी नियमित! त्यानं एक ग्रॅम क्विनाइन घेतलं होतं. म्हणजे हिवतापावरचं आपलं कडूजहर कोयनेल.

१९१८मध्ये वॉल्टर फ्राय या डॉक्टरांनी, ज्यातून क्विनाइन मिळतं त्याच सिंकोना झाडाच्या सालीतलं त्याहून प्रभावी द्रव्य दाखवून दिलं, क्विनिडिन. क्विनाइनचेच अणू, मांडणी तेवढी निराळी. पुढे कित्येक दशकं हृदयाचा ताल बिघडला की हेच दिलं जाई.

पण औषध खोडकर. जुलाब, कानात सतत आवाज. आणि काहींच्या बाबतीत ताल सुधारायच्या ऐवजी जीवघेणा बिघडायचा. माणूस उभ्या उभ्या कोसळायचा. नवी औषधं आली, क्विनिडिन मागे पडलं. नवी म्हणजे निर्धोक, असंही नव्हतं बरं का. हार्ट अटॅकनंतर फ्लेकेनाइड दिलेल्या रुग्णांत मृत्यू उलट वाढले, हे १९८९मध्ये एका मोठ्या चाचणीत दिसलं.

मग १९९२. पेद्रो आणि जोसेप ब्रुगाडा या हृदयतज्ज्ञ भावांनी एक विकार जगासमोर मांडला, ब्रुगाडा सिंड्रोम. हृदयाची रचना धडधाकट, ईसीजी मात्र विचित्र. अनेकदा तरणीताठी माणसं, बहुतेक पुरुष, झोपेतच जातात. अशांच्या छातीत आयसीडी नावाचं छोटं यंत्र बसवतात. ठोके भरकटले की ते शॉक देतं. पण भरकटणं थांबवत नाही. काहींना एकामागून एक शॉक बसत राहतात, शुद्धीवर असताना.

इथे क्विनिडिन कामी येतं. या विकारात हृदयपेशींतून पोटॅशियमचा एक प्रवाह वरचढ ठरतो; क्विनिडिन नेमका तोच अडवतं. इतर अनेक तालनियामक गोळ्या ब्रुगाडात घातकच.

आणि तीच गोळी दुर्मीळ झाली. २०१३च्या एका पाहणीत १३१ देशांपैकी फक्त १९ देशांत ती सहज मिळत होती. पेटंटचा प्रश्न नाही, रुग्ण मोजके, किंमत किरकोळ. कारखाना कोण चालवणार? लाखोंचं आयसीडी मिळतं. सोबतची स्वस्त गोळी मात्र अनेक ठिकाणी परवानगी काढून परदेशातून मागवावी लागते, आणि ती येईपर्यंत शॉक थांबत नाहीत.