हायपो की हायपर? टीएसएच वाढला की गोंधळ का होतो

"टीएसएच ९ आलाय, म्हणजे माझा थायरॉइड हायपर ना?" प्रत्येक व्हिडिओखाली हा प्रश्न असतोच. नाही हो, हायपो! (टीएसएच म्हणजे थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणारं हार्मोन.)

ग्रीकमध्ये 'हुपो' म्हणजे खाली, 'हुपेर' म्हणजे वर. झालं. खरं तर आपल्याला पाठ करायचीही गरज नाही. संस्कृतातले 'उप' आणि 'उपरि' हे त्यांचेच भाऊबंद, आणि 'उपरि'तूनच आपला 'वर' आला. हायपर म्हणजे वर, इतकं सरळ.

आधी हा अर्थ जागेचा होता. हायपोडर्मिक सुई त्वचेखाली जाते, मेंदूतला हायपोथॅलॅमस हा थॅलॅमस नावाच्या भागाच्या खाली असतो. 'खाली'चं 'कमी' नंतर झालं. (हायपरटेन्शनमधलं टेन्शन मात्र लॅटिन, म्हणजे ताण, तोही रक्तदाबाचा. "मला कसलंच टेन्शन नाही, मग बीपी कसं?" ही कॉमेंट आता पुरे.)

आता टीएसएच. हायपो हा शब्द थायरॉइडच्या कामाला लावलाय, टीएसएचच्या आकड्याला नाही. टीएसएच थायरॉइड बनवतच नाही, मेंदूच्या बुडाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी तो सोडते. थायरॉइड सुस्तावला की ती जोरात हाका मारते. रिपोर्टमधला मोठा आकडा हा त्या हाकांचा आवाज आहे.

पटत नाही? त्याच कागदावर फ्री टी४ बघा, म्हणजे थायरॉइडने बनवलेलं हार्मोन रक्तात किती आहे ते. थायरॉइडचं काम तिथे दिसतं. टीएसएच वर, टी४ खाली: हायपो. टीएसएच वर, पण टी४ जागेवर: सबक्लिनिकल, म्हणजे अजून पुरता न उमटलेला, तरी नाव हायपोच.

अजूनही नाही? मग गोळी बघा. थायरॉक्सिन म्हणजे थायरॉइडचंच हार्मोन. हायपर असता तर डॉक्टरांनी आणखी भर कशाला घातली असती? गोळी लागू पडली की हाका थांबतात, टीएसएच उतरतो. पिट्युटरीच बिघडली तर हे गणित फिरतं, पण ते क्वचित.

साखरेच्या बाबतीत मात्र हा घोळ जिवावर बेतू शकतो. फोनवर शब्दाचा शेवट गिळला जातो, 'हायपो'चं 'हायपर' ऐकू येतं आणि साखर आधीच घसरलेल्या माणसाला कुणी इन्सुलिन देऊन बसतं. त्यामुळे शब्द नको, मीटरवरचा आकडा सांगा. ७० मिलीग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल, तर १५ ग्रॅम ग्लुकोज द्या, १५ मिनिटांनी परत तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा.