कोरड्या नदीतून समुद्राकडे

मंडळी, स्पेनमधल्या वालेन्सियाच्या सायकलफेरीत आमचा वाटाड्या मध्येच थांबून म्हणाला, "चला, आता नदीत उतरायचं." मी हेल्मेटचा पट्टा आवळून घेतला. उतार संपला, पण पाण्याचा टिपूस नाही. खाली झाडं, खेळाची मैदानं, धावणारी माणसं, आणि डोक्यावर दगडी पूल. पात्र तूरिया नदीचं, फक्त नदी नाही.

त्याआधीचा तासभर आम्ही जुन्या गावात होतो. तिथे सायकल चालवण्यापेक्षा हाताला धरून ढकलावीच जास्त लागते. गल्ल्या चिंचोळ्या, माणसांची दाटी. एक-दोघं कुरकुरले, पण मला ते बरंच वाटलं. ढकलत होतो म्हणून तर कॅथेड्रलच्या दारापाशी थबकलो. गुरुवार होता, दुपारचे बारा वाजलेले. काळे अंगरखे घातलेले आठ जण अर्धवर्तुळात बसले होते. हे पाण्याचं न्यायालय. तूरियाच्या आठ कालव्यांवरच्या शेतकऱ्यांनी निवडून दिलेली ही माणसं पाणीवाटपाचे तंटे तोंडी ऐकतात आणि तिथल्या तिथे निकाल देतात. एकेका कालव्याचं नाव पुकारलं गेलं, कोणी पुढे आलं नाही, काही मिनिटांत सगळे उठले. पर्यटकांचे चेहरे पडले. मला मात्र वाटलं, गाऱ्हाणं नसणं हाही निकालच की!

गावाच्या वेशीवर सेर्रानोसचे बुरूज आहेत, १३९२ ते १३९८ दरम्यान बांधलेले. १८६५ मध्ये तटबंदी पाडायला घेतली, तेव्हा बेकारांच्या हाताला काम हेही त्यामागचं एक कारण होतं. हे बुरूज वाचले, कारण त्या वेळी तिथे तुरुंग होता. कैद्यांनी वाचवलेली वास्तू म्हणा ना!

बुरुजांसमोरच नदीत उतरायची वाट. पुलाखाली मी सायकल टेकवली आणि खांबावरून हात फिरवला. खांबाचं वरच्या अंगाचं टोक होडीच्या नाळेसारखं निमुळतं, पाणी कापायला घडवलेलं. आता त्याच्या पायाशी गवत. कापायला पाणीच उरलेलं नाही.

ते गेलं कुठे? १४ ऑक्टोबर १९५७ला तूरियाला महापूर आला, ऐंशीहून जास्त माणसं दगावली. मग सरकारने नदीच उचलून शहराच्या दक्षिणेला नव्या पात्रात नेली. रिकाम्या पात्रातून वेगवान मोटाररस्ता काढायचा बेत होता. लोक बिथरले. 'नदीचं पात्र आमचं आहे, आणि ते आम्हाला हिरवं हवंय' ही त्यांची घोषणा. १९७६ मध्ये पात्राची जमीन शहराला मिळाली आणि पुढच्या दशकात बागेला सुरुवात झाली. जवळपास नऊ किलोमीटरची बाग, आणि चौक-सिग्नल सगळे वरच्या वर राहतात. सायकलवाल्याला आणखी काय हवं!

हा सलग प्रवास मला फार आवडला. एका पुलाखालून दुसऱ्या पुलाखाली जाताना शतकं बदलतात, पॅडल मात्र थांबत नाही. गोष्टीतल्या गलिव्हरचा महाकाय पुतळा आडवा पडलाय आणि त्याच्या अंगावरून पोरं घसरताहेत, तो भाग मागे पडला की वास्तुविशारद कालात्रावांच्या पांढऱ्याशुभ्र इमारती येतात. डोळे दिपतात, खरं सांगतो. पण तिथे सावली कमी आणि फोटो जास्त. मला दुसरे वास्तुविशारद कांदेला यांनी आखलेलं मत्स्यालयाचं पातळ, लाटेसारखं छप्पर अधिक भावलं. ते बघायला ते स्वतः राहिले नाहीत. १९९७ मध्ये वारले, आणि मत्स्यालय २००३ मध्ये उघडलं.

पुढे काबान्याल, कोळ्यांची जुनी वस्ती. घरांच्या दर्शनी भिंतींना रंगीत फरशा. याच घरांमधून समुद्रापर्यंत हमरस्ता काढायचा घाट वर्षानुवर्षं चालला होता, तो रहिवाशांनी हाणून पाडला. तिथून वाळू दोन पावलांवर.

किनाऱ्यावर मी वाटाड्याला विचारलं, "ते नवं पात्र कुठेय?" त्याने दक्षिणेकडे बोट केलं. २९ ऑक्टोबर २०२४च्या प्रलयात त्या पात्राने शहर राखलं. पण त्याच्या पलीकडच्या पायपोर्तासारख्या गावांत दुसऱ्याच एका ओढ्याचं पाणी घुसलं. त्या आपत्तीत वालेन्सिया प्रांतात दोनशेवर माणसं गेली. आमची फेरी तिकडे जात नव्हती. "माझी बहीण पलीकडे राहते," एवढंच तो म्हणाला आणि सायकली मोजायला लागला.