खाली उतरताना

हे जे व्हिडिओत पायाखाली दिसतंय ना तुम्हाला, बारीक खडे, सुटा मुरूम आणि वर आडवं पडलेलं वाळकं गवत, हा घसारा. कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून सिंहगडाच्या रस्त्यापर्यंत एकामागून एक टेकड्या लागतात, तेरा मोजतात सगळे (काहीजण आकडा वेगळा सांगतात, त्यांच्याशी वाद घालायच्या भानगडीत पडू नका), पुण्यातली पोरं रात्रीचा ट्रेक करतात तो के-टू-एस म्हणजे हाच. पावसात इथे चिखल असतो आणि दिवाळी झाली की हे असं. चिखलात माणूस निदान घाबरून चालतो, घसाऱ्यावर वाटतं की जमीन कोरडी आहे, पळू की.

पुढे पळतीये ती माझी मावसबहीण. नाव सांगायचं नाही ही तिची अट आहे त्यामुळे ताईच म्हणतो, तसंही मी तिला दुसरं काही म्हणत नाही. चाळिशी ओलांडलेली, बँकेत नोकरी, घरी दहावीतली लेक. आधी रस्त्यावर पळायची, हाफ मॅरेथॉन वगैरे, मग कोणीतरी एका रविवारी आतकरवाडीच्या वाटेने सिंहगडावर नेलं आणि झालं, तेव्हापासून डांबरी रस्ता नको झाला तिला, फक्त डोंगरवाटा, म्हणजे ट्रेल रनिंग. मेडल बिडल कधी मिळालेलं नाही, म्हणजे फिनिशरचं मिळतं ते सोडून, आणि मिळेल असं तिला वाटतही नाही.

तर ह्याच टेकड्यांवर, नोव्हेंबरमध्ये, उतरताना तिचा डावा पाय आत वळला. धड पडलीसुद्धा नाही. कट् असा आवाज आला म्हणते. अंग गरम होतं म्हणून पुढची टेकडी तशीच चढली, आणि रस्त्याला लागल्यावर बूट काढला तेव्हा घोट्याच्या बाहेरच्या बाजूला लिंबाएवढी सूज. मोज्यात कुसळं अडकलेली, ती एकेक करून उपटत बसली होती आणि मला फोनवर सांगत होती की विशेष काही नाही रे.

एक्स-रे काढला, हाड शाबूत. आमच्या घरात हाड शाबूत म्हणजे केस क्लोज, मावशीने आंबेहळदीचा लेप लावला आणि विषय संपला. पण एक्स-रेत लिगामेंट दिसत नाही. पाय आत वळला की घोट्याच्या बाहेरच्या बाजूचा जो पट्टा सगळ्यात आधी ताणला जातो त्याचं नाव अँटिरिअर टॅलोफिब्युलर लिगामेंट, सगळे एटीएफएलच म्हणतात, आणि ताईचा तो अर्धवट फाटला होता, ग्रेड टू. हे कळलं कधी तर रेस झाल्यावर.

कारण मधे रेस होती ना. डिसेंबरमधली एसआरटी, म्हणजे सिंहगड-राजगड-तोरणा, ५३ किलोमीटरची. पैसे भरलेले, रजा टाकलेली, पळणाऱ्यांच्या ग्रुपवर सगळ्यांना माहीत. बर्फ, क्रेप बँडेज, आराम हे सगळं तिने केलं होतं, अगदी नियमाने. गंमत अशी की हा राइसचा फॉर्म्युला, आराम, बर्फ, दाब आणि पाय वर, ज्या डॉ. गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये लोकांपुढे आणला, त्यांनीच पुढे सांगितलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांतीने जखम भरायला उशीर होऊ शकतो. दुखणं कमी होतं हे खरं, पण दुखणं कमी झालं म्हणजे पाय तयार झाला हे कोणी सांगितलं?

रेसमध्ये चढाला काहीच त्रास झाला नाही. चढाला कधीच होत नाही. चढताना छाती फुटते, पण पाऊल हळू पडतं आणि तुम्ही ते बघून टाकता. उतारावर मात्र घोट्याने जरा दगा दिला, मग परत, मग तिने चालायला सुरुवात केली आणि कट-ऑफ, म्हणजे तिथवर पोचायची ठरलेली शेवटची वेळ, मागून यायला लागला. पुढच्या एड स्टेशनवर, जिथे खायला-प्यायला मिळतं, ती स्वतःच थांबली. डीएनएफ, डिड नॉट फिनिश, रेस अर्धवट. कोणी काही बोललं नाही, उलट एका व्हॉलंटियर पोराने मीठ लावलेला उकडलेला बटाटा हातात दिला, काकू घ्या ना म्हणाला, आणि तो बटाटा खाता खाता हिला रडू फुटलं. बटाट्यामुळे की काकूमुळे ते अजून ठरलेलं नाही.

आता इथे मला जरा बोलायचंय. त्या आठवड्यात ग्रुपवर काय फिरत होतं माहितीये? किलियन जोर्नेट या नामांकित डोंगरी धावपटूची गोष्ट. २०१७ ची हार्डरॉक, अमेरिकेत कोलोराडोच्या डोंगरातली १०० मैलांची रेस, सुरुवातीलाच पडून त्याचा खांदा निखळला, त्याने तो स्वतः बसवला, हात बांधून घेतला, राहिलेले ८० च्या वर मैल पळाला आणि जिंकला. खरी गोष्ट आहे, आणि माणूस ग्रेट आहे यात वादच नाही. पण जो लहानपणापासून डोंगरात वाढला आणि ज्याचं कामच हे आहे, त्याची गोष्ट दिवसभर काउंटरवर बसून संध्याकाळी पळणाऱ्या बाईला मोटिव्हेशन म्हणून पाठवायची, तीही घोटा फाटलेला असताना, हे मला पटत नाही. ताईने ती वाचली आणि दुसऱ्याच आठवड्यात परत पळायला गेली. डावा पाय सांभाळायच्या नादात सगळा भार उजव्यावर, मग उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागलं, आयटी बँड, म्हणजे मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत येणारा पट्टा. म्हणजे आता दोन्ही पाय.

एका डॉक्टरांनी सरळ सांगितलं, वय झालं, पळणं बंद करा, पोहा. ती घरी येऊन काहीच बोलली नाही, जेवलीसुद्धा नाही. मग एक फिजिओ बाई भेटल्या. त्यांनी काय केलं तर हिला एका पायावर उभं केलं. उजव्यावर आरामात उभी. डाव्यावर डोळे मिटायला सांगितले आणि तीन सेकंदात भिंत धरली हिने. त्यांनी समजावलं ते असं, की लिगामेंट म्हणजे नुसती दोरी नाही, पाऊल कुठल्या कोनात आहे ही खबर मेंदूला देणारी यंत्रणापण त्यात असते, ती बिघडली की पाय वळायला लागलाय हे उशिरा कळतं आणि घोटा सावरणारे स्नायू उशिरा जागे होतात. म्हणून एकदा मुरगळलेला घोटा परत परत मुरगळतो.

मग सकाळी दात घासताना एका पायावर. कुकर लावला की शिट्ट्या होईपर्यंत एका पायावर, लेक मोजायची. थेराबँड म्हणजे व्यायामाचा रबरी पट्टा, टाचा उचलणं, पायरीवरून हळूहळू खाली पाय टेकवणं, महिनोनमहिने हेच, आणि व्हिडिओत दाखवायला ह्यात काही म्हणजे काही नाही, मी शूट करून बघितलं, फार बोअर दिसतं.

उन्हाळ्यापर्यंत घोटा बरा झाला. दोन्ही पायांवर सारख्याच उड्या मारायला लागली, फिजिओ बाईंनी हिरवा कंदील दिला. आणि मग आम्ही वेताळ टेकडीवर गेलो तेव्हा ती उतारावर थांबली. साधा उतार हो, आजी-आजोबा चपला घालून उतरतात तिथे. पाय बरा होता, पायावरचा भरवसा परत आला नव्हता. शरीर मागे टाकून, टाच रोवून, ब्रेक लावत उतरायला लागली, आणि नेमकं तसं केलं की पाय पुढे सटकतो, म्हणजे भीतीनेच पडायची सोय. ह्याला कुठला लेप नाही. छोटी छोटी पावलं, पटापट, अंग किंचित पुढे, हात पसरलेले, नजर पायाशी न ठेवता तीन-चार पावलं पुढे, हे तिला सगळं आधीपासून येत होतं, तरी आधी मातीचा मऊ उतार, मग खड्यांचा, मग हा घसारा, असं परत पहिलीपासून. पावसाळाभर तेच. मला विचाराल तर चढाचे फोटो सगळे टाकतात, पण ट्रेल रनर कळतो तो खाली येताना.

पुढच्या डिसेंबरमध्ये एसआरटीच्या ५३ किलोमीटरला नाव दिलं नाही, २५ ला दिलं. त्यावरून घरात दोन मतं होती, लेकीचं म्हणणं की आई तू घाबरलीस, ताईचं म्हणणं हो. उतारावर मागून पोरं आली की बाजूला व्हायची, जा रे बाबांनो म्हणायची. एका ठिकाणी खडा सुटला, पाय वळायला लागला आणि तिला काही कळायच्या आत पायाने स्वतःच सावरलं. हे तिने मला नंतर तीनदा सांगितलं, रेस पूर्ण झाली हे एकदाच.

उतार पळताना मांडीचा स्नायू लांब होत होत भार झेलतो, त्यामुळे तो बारीक बारीक फाटतो आणि खरं दुखणं दुसऱ्या दिवशी येतं. त्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. जिन्यावरून उलटी उतरतीये म्हणाली, कठडा धरून, दोन्ही मांड्या गेल्यात, शेजारचे हसतायत. घोट्याचं तिने नावच काढलं नाही, शेवटी मीच विचारलं. म्हणाली, अरे हो की. आणि रविवारी कॅमेरा घेऊन येऊ नकोस, मी झोपणारे.