गिअरबॉक्स उघडण्यापूर्वी

इंदूरच्या देवास नाक्यामागच्या एका गल्लीत, ट्रकच्या जुन्या कमानपट्ट्या आणि गंजलेले एक्सल यांच्या ढिगाऱ्याशेजारी एक लहानसे गॅरेज आहे. तिथे तीन दिवसांपासून एक पांढरी चेरोकी जीप घोड्यांवर चढवून ठेवलेली आहे. गाडी १९९६ सालची. ती आधी दिल्लीतल्या एका दूतावासाकडे होती. लिलावातून ती इंदूरला आली आणि गेली बारा वर्षे एका निवृत्त मराठी प्राध्यापकांच्या दारात उभी असते.

प्राध्यापकांची तक्रार नेमकी आहे, आणि तक्रार नेमकी असणे ही मेकॅनिकच्या दृष्टीने अर्धी कमाई असते. यंदाच्या पावसाळ्यात चोरलच्या पात्रातून त्यांनी दोनदा गाडी बाहेर काढली. त्यानंतर खंडवा रस्त्यावर भेरूघाट चढताना गाडी चौथ्या गिअरमधून अचानक खालच्या गिअरमध्ये पडू लागली. इंजिन किंचाळते, क्षणभराने गिअर पुन्हा वर जातो, आणि हे बहुधा खड्ड्यावरून चाक गेल्यावरच होते. सकाळी गाडी थंड असताना काहीच जाणवत नाही. शहरातल्या एका गॅरेजने गाडी चालवून न पाहताच गिअरबॉक्स उतरवून ओव्हरहॉल करावा लागेल, असे सांगून टाकले होते.

या गाडीतला चार गतींचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जपानच्या आयसिन-वॉर्नर कंपनीचा असून १९८७ ते २००१ या काळातल्या चेरोकी गाड्यांत तो बसवला जात असे. टोयोटाच्या त्या काळातल्या ए-३४० मालिकेतल्या गिअरबॉक्सशी त्याचे सख्खे नाते आहे. त्यामुळे आज आपण जे पाहणार आहोत, ते त्या पिढीच्या काही टोयोटा गाड्यांनाही थोड्याफार फरकाने लागू पडते. गिअर कोणता असावा हे डॅशबोर्डखालचा एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो आणि त्याचा हुकूम गिअरबॉक्समधल्या दोन सोलेनॉइडपर्यंत, म्हणजे विजेवर उघडझाप करणाऱ्या झडपांपर्यंत, तारांमधून पोहोचतो. पहिल्या गिअरमध्ये फक्त पहिल्या सोलेनॉइडला वीज मिळते, दुसऱ्यात दोघांना, तिसऱ्यात फक्त दुसऱ्याला आणि चौथ्यात कोणालाच नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स यांना ऑइलमार्फत जोडणारा टॉर्क कन्व्हर्टर लॉक करणारा तिसरा सोलेनॉइड निराळा. ही एवढी कोष्टकाची ओळ ज्याला पाठ आहे, त्याचे निम्मे काम गाडीखाली न शिरताच होते.

पहिली पाहणी अर्थातच ऑइलची. इंजिन चालू, गाडी सपाट जागेवर, ऑइल पुरेसे गरम, लिव्हर एकदा सगळ्या खाचांमधून फिरवून पार्कमध्ये आणलेला, आणि मग डिपस्टिक. थंड गाडीत, इंजिन बंद ठेवून घेतलेले माप फसवे असते, तरीही बहुतेक जण नेमके तेच घेतात. पांढऱ्या कापडावर पुसलेला थेंब जरा तपकिरीकडे झुकलेला लाल दिसतो. जळका वास नाही, पाणी मिसळल्यावर येणारा गुलाबी दुधाळपणाही नाही. हा दुधाळपणा नदीत उतरणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत फार महत्त्वाचा. तापलेला गिअरबॉक्स थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरच्या, म्हणजे हवा आत-बाहेर जाऊ देणाऱ्या, नळीतून तो बाहेरचे काहीतरी ओढून घेतो. नळीचे तोंड पाण्याखाली असेल तर पाणीच आत जाते आणि क्लच प्लेटवरचे अस्तर पकडून ठेवणारा डिंक हळूहळू सुटू लागतो. या गाडीची नळी तुटून खाली लोंबकळत होती. पाणी आत गेले नाही, हे केवळ नशीब.

पाठोपाठ दोन लहान शंका दूर केल्या जातात. डांबरी रस्त्यावर फोर-व्हील ड्राइव्ह चुकून लागलेलाच राहिला, तर पुढच्या-मागच्या चाकांच्या ओढाताणीत बसणारे धक्के गिअरचेच धक्के वाटतात. प्राध्यापकांनी तसे केलेले नव्हते. थ्रॉटलपासून, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेपासून, गिअरबॉक्सपर्यंत जाणारी केबल या गाडीत आतला ऑइलचा दाब ठरवते. ती ढिली असेल तर गिअर घसरतात, फार ताणलेली असेल तर आदळतात. ती इथे जागच्या जागी होती.

मग मेकॅनिक काका मोबाइलवर स्टॉपवॉच लावतात. ब्रेक दाबून, इंजिन आयडलवर ठेवून लिव्हर न्यूट्रलमधून ड्राइव्हमध्ये टाकल्यावर गाडीने १.२ सेकंदांच्या आत पकड घ्यायला हवी आणि रिव्हर्समध्ये १.५ सेकंदांच्या आत. दोन्ही वेळा ती त्याहून लवकर घेते. ब्रेक घट्ट दाबून पूर्ण ॲक्सिलरेटर देण्याची स्टॉल टेस्टही दुरुस्तीच्या पुस्तकात आहे आणि ती पाच सेकंदांपेक्षा जास्त चालवू नये, असेही तिथे बजावले आहे. तीस वर्षांच्या गिअरबॉक्सवर काका ती करतच नाहीत. मला त्यांचे पटते.

“काका, उघडावाच लागेल का हो?” प्राध्यापक विचारतात.

“आधी फ्यूज तर काढू द्या, सर. बॉक्स कुठे पळून चालला नाही.”

या तपासाचा कणा म्हणजे हीच चाचणी. कॉम्प्युटरचा फ्यूज काढला की सोलेनॉइडना वीज मिळत नाही आणि गिअर सर्वस्वी हातातल्या लिव्हरवर येतात: लिव्हर ‘१-२’ वर असेल तर पहिला, ‘३’ वर असेल तर तिसरा, ‘डी’ वर असेल तर चौथा. गाडी देवास रस्त्यावर काढून, पहिल्यातून तिसऱ्यात आणि तिसऱ्यातून चौथ्यात हाताने टाकत, काका तापमान चांगले चढेपर्यंत चालवतात. खड्डे मुद्दाम चुकवत नाहीत. तिन्ही गिअर स्वच्छ लागतात, एकदाही सुटत नाहीत. याचा अर्थ पंप, क्लच आणि ऑइलचा दाब यांच्यावरचा संशय बहुतांशी उतरला आणि तो तारा, सेन्सर व स्विच यांच्याकडे वळला. बहुतांशी म्हणण्याचे कारण असे की, दुसऱ्या गिअरसाठी दोन्ही सोलेनॉइडना वीज लागत असल्याने तो या चाचणीत येतच नाही. त्याच्याविषयी ही चाचणी चांगलेही सांगत नाही आणि वाईटही. इंटरनेटवरचे उत्साही लोक हे सांगायला विसरतात.

सोलेनॉइडचा रेझिस्टन्स ११ ते १५ ओहमच्या दरम्यान असायला हवा. थंड असताना मोजला, गरम असताना पुन्हा मोजला. तिन्हींचा आकडा १३ च्या आसपास. थ्रॉटल किती उघडला हे कॉम्प्युटरला कळवणाऱ्या थ्रॉटल पोझिशन सेन्सरसाठी काकांनी डिजिटल मीटर बाजूला ठेवून काट्याचा जुना मीटर घेतला, कारण पेडल सावकाश दाबताना मध्येच आलेली उडी डिजिटल आकड्यांत हरवते, काट्यावर मात्र डोळ्यांना दिसते. काटा वर चढला तो एकसारखा.

उलगडा झाला तो एका बल्बमुळे. गाडी मागे घेताना रिव्हर्सचा दिवा लागत नव्हता. प्राध्यापकांनी तो बल्ब दोनदा बदललाही होता, पण गिअरच्या तक्रारीत त्याचा उल्लेख करावा, असे त्यांना वाटले नव्हते. हा दिवा, पार्क किंवा न्यूट्रलमध्येच गाडी सुरू होऊ देणारी सोय आणि लिव्हर कुठे आहे याची कॉम्प्युटरला मिळणारी खबर, ही तिन्ही कामे एकच स्विच करतो. गिअरबॉक्सच्या बाहेर, लिव्हरच्या दांड्यावर तो बसवलेला असतो. म्हणजे चिखल उडतो नेमका तिथेच.

स्विच काढून टेबलावर घेतला. झाकणाच्या कडेने माळव्याची काळी माती वाळून तिचे कवच झाले होते. ते चाकूच्या टोकाने उचलल्यावर आत डांबरासारखे झालेले ग्रीस निघाले. त्यात मातीचे कण आणि घासलेल्या तांब्याची भुकटी मिसळलेली, आणि पट्ट्यांवर जागोजागी हिरवट गंज. लिव्हर ‘डी’ वर असताना, खड्ड्याच्या धक्क्याने हे मिश्रण दोन पट्ट्यांना क्षणभर जोडत असणार आणि कॉम्प्युटरला लिव्हर ‘१-२’ वर आल्यासारखे वाटत असणार. कॉम्प्युटर मग आज्ञाधारकपणे गिअर खाली आणत होता.

सफाईला सव्वा तास लागला. पट्ट्या बारीक पॉलिश पेपरने उजळल्या, क्लीनरने धुतल्या, नवे ग्रीस अगदी पातळ थरात लावले. स्विच परत बसवताना त्याची खूण न्यूट्रलशी जुळवून मगच बोल्ट आवळला. ती हलली तर कॉम्प्युटरला पुन्हा चुकीची खबर जाते.

इथून फार दूर नाही, पीथमपूरला, गाड्यांच्या चाचणीसाठी ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक बांधलेला आहे. आमची चाचणी भेरूघाटात, वाळूच्या डंपरांच्या मागे झाली. चढावर तिसरा, मोकळे वळण मिळताच चौथा, आणि मग टॉर्क कन्व्हर्टर लॉक होताना आरपीएमचा काटा थोडासा खाली बसला. दुसरा गिअरही ओझ्याखाली लागला आणि टिकला. वाटेतल्या एका तुटक्या पुलाजवळच्या खड्ड्यातून काकांनी गाडी मुद्दाम दोनदा नेली.

गॅरेजमध्ये परतल्यावर ब्रीदरची नवी नळी इंजिनच्या वरच्या अंगापर्यंत नेऊन बांधण्यात आली. प्राध्यापकांनी गाडी मागे घेतली, तेव्हा मागच्या विटांच्या भिंतीवर रिव्हर्सच्या दिव्याचा पांढरा उजेड पडला.