बोर्ड बिचारा चांगला होता

हे रेकॉर्डिंग ड्रोनच्या कॅमेऱ्याचं चित्र दाखवणाऱ्या गॉगलमधलं आहे, वाईजवळ मामाच्या हळदीच्या शेतावरचं. पाच इंची पंख्यांचा ड्रोन, घरीच जोडलेला, फोर एस म्हणजे चार सेलची बॅटरी, सगळं मिळून साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास. थ्रॉटल दिला, वर गेला, वळला आणि हे बघा, इथे. स्क्रीन काळी. दोन सेकंदांनी ड्रोनच्या सॉफ्टवेअरचा, बीटाफ्लाइटचा, लोगो येतो आणि तोवर आम्ही हळदीत.

एकदा झालं असतं तर सोडून दिलं असतं, पण त्या महिन्यात तिसऱ्यांदा झालं. आणि या वेळी उचलून आणल्यावर बॅटरी लावली तर फ्लाइट कंट्रोलर, म्हणजे ड्रोनचा मेंदू असलेला बोर्ड, पेटेचना. लॅपटॉपला जोडला की दिवा लागतो, बॅटरीवर मात्र ठार. म्हणजे बॅटरीच्या व्होल्टेजचे पाच व्होल्ट करून देणारा बोर्डवरचा रेग्युलेटर गेला.

आता फ्लाइट कंट्रोलर म्हणजे काय, तर हा एवढासा चौकोन, बिस्किटाएवढा. यावर एक जायरो असतो, तो ड्रोन किती आणि कुठल्या बाजूला फिरतोय ते सेकंदाला ८००० वेळा सांगतो आणि त्यावरून चारही मोटरना हुकूम सुटतात. गंमत म्हणजे सुरुवातीच्या हौशी मंडळींनी हे जायरो निन्टेन्डोच्या वी गेमच्या रिमोटला लावायच्या जोडणीतून उपटून काढले होते, म्हणून त्या सॉफ्टवेअरचं नावच मल्टीवी. पुढे त्याच वंशात बेसफ्लाइट, क्लीनफ्लाइट आणि आज आपण वापरतो ते बीटाफ्लाइट.

तर माझं निदान झालं, बोर्ड खराब. नवीन मागवला. २०२२ च्या फेब्रुवारीपासून बाहेरून तयार ड्रोन आणायला बंदी आहे पण सुटे पार्ट येतात, त्यामुळे बोर्ड मिळतो, खिसा तेवढा हलका होतो. एका रात्रीत सगळ्या वायरी काढून परत सोल्डर मारल्या, टेबलावर सगळं चेक केलं, प्रॉप म्हणजे पंखे काढून मोटर फिरवल्या, लॅपटॉपवरचं ड्रोनचं चित्र हातातल्या ड्रोनबरोबर बरोबर डुलत होतं, सीएलआय म्हणजे कमांड टाकायच्या खिडकीत स्टेटस टाकलं तर जायरो जागेवर, एरर शून्य. रविवारी शेतावर गेलो. दुसऱ्याच बॅटरीला तेच. काळी स्क्रीन, हळद.

तेव्हा डोकं ठिकाणावर आलं म्हणायचं. नवा कोरा बोर्ड तेच करतोय म्हणजे बोर्ड नाही.

मग जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं, ब्लॅकबॉक्स, म्हणजे ड्रोनमध्ये साठणारी उड्डाणाची नोंद, उघडला. हा लॉग बघा. ड्रोन नीट डिसआर्म केला, म्हणजे उतरवून मोटर बंद केल्या, की लॉगच्या शेवटी तशी नोंद पडते. इथे नोंदच नाही, वाक्य अर्धवट तुटावं तसा तुटलाय. आणि तुटायच्या क्षणी बॅटरी १५.१ व्होल्ट, म्हणजे बॅटरी दमली नव्हती. जायरोची रेघ पण सरळ, शांत. रिमोटचा सिग्नल गेला असता तर फेलसेफ (सिग्नल तुटल्यावरचा आपोआप बचाव) लागला असता, तोही लॉगमध्ये दिसला असता.

आता परत ते रेकॉर्डिंग. मी हे दहा वेळा पाहिलं होतं आणि एक गोष्ट दिसलीच नव्हती. स्क्रीन काळी झाली, पण मुंग्या नाही आल्या. जुन्या टीव्हीला अँटेना हलला की यायच्या तशा. मुंग्या नाहीत म्हणजे चित्र गॉगलला पाठवणारा व्हिडिओ ट्रान्समीटर चालू होता, आणि माझा ट्रान्समीटर थेट बॅटरीवर आहे. कॅमेरा आणि बोर्ड, दोघं पाच व्होल्टवर. गेले ते फक्त पाच व्होल्ट.

हे सगळं मी मामाला सांगत होतो, म्हणजे खरं तर स्वतःलाच सांगत होतो. मामा पंपाच्या स्टार्टरच्या पेटीत डोकं घालून बसलेला, तिथूनच म्हणाला, "अरे मग वायर कुठं घासतीये ते बघ की. आमची मोटरची केबल पाइपाला घासून अशीच जाते. मोटर बंद असताना मीटरला काय दाखवत नाय, चालू झाली की हादऱ्यानं चिकटती."

आणि मी टेबलावर काय करत होतो? प्रॉप काढून टेस्ट. ते काढायलाच पाहिजेत, बोटं जातात नाहीतर, पण प्रॉप नसले की आर्मवर, म्हणजे मोटर बसवलेल्या दांड्यांवर, जोरच येत नाही. ड्रोन हादरत नाही, आर्म वाकत नाही.

मग घरी आल्यावर हे केलं. बॅटरी आणि ड्रोनच्या मध्ये स्कूटरच्या इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब सिरीजमध्ये टाकला, शॉर्ट झालाच तर बल्ब पेटेल, बोर्ड वाचेल. मल्टीमीटर पाच व्होल्टच्या पॅडवर. ५.०२. आता एकेक आर्म बोटांनी वर दाबायचा, हवेत मोटर ओढते तसा. पुढचा डावा, काही नाही. पुढचा उजवा, काही नाही. मागचा डावा, काही नाही. मागचा उजवा दाबला आणि बल्बची तार लालसर झाली, मीटर ३.१. सोडला, ५.०२. परत दाबला, परत लाल. मी पाच-सहा वेळा नुसताच दाबत बसलो, मजा वाटली.

फ्रेम उघडली. ही जीपीएसची लाल, पाच व्होल्टची वायर. महिन्यापूर्वी जीपीएस लावला तेव्हा आर्म आणि खालच्या प्लेटमध्ये चेंबलेली, कडेनं कापून आतलं तांबं दिसतंय. फ्रेम कार्बन फायबरची, ते प्लास्टिकसारखं दिसतं पण त्यातून करंट जातो. वरच्या गुळगुळीत भागावर मीटर टेकवलं तर काही दाखवत नाही, कापलेल्या कडेला टेकवा, लगेच दाखवतं. आणि मागे अँटेनाचा नट कार्बनवर घट्ट, त्याची बाहेरची रिंग म्हणजे ग्राउंड. झालं सर्किट पूर्ण.

वायर बदलली, वरून नेली, श्रिंक ट्यूब चढवली, कार्बनच्या कडा पॉलिश पेपरने घासल्या. पुढच्या रविवारी चार बॅटऱ्या उडवल्या, फुल थ्रॉटल मारून मारून, चारही लॉग शेवटच्या नोंदीसकट.

आणि तो पहिला बोर्ड कचऱ्यात टाकणार होतो. त्याला बाहेरून छोटा पाच व्होल्टचा रेग्युलेटर जोडलाय, आता तीन इंची ड्रोनवर बसवतोय. जीपीएस नाही लावणार त्याला.