परसातला घेवडा

साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला अजूनही काही घरांमागं परस आहे. न्हाणीच्या सांडपाण्यावर पोसलेली एवढीशी जागा. एखादा शेवगा, कढीपत्ता आणि मांडवावर चढलेला घेवडा.

कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन आहे. पण तो राजम्याच्या जातीचा, शेतातला. आपला हा चपट्या शेंगांचा, वालाच्या कुळातला.

मृगाच्या पावसावर बी टोचलं की आठ-दहा दिवसांत उगवतं. श्रावणात मांडव हिरवागार. आणि शेंग? एक नाही! नवखा माणूस इथंच घाबरतो आणि मूठभर युरिया टाकतो. वेल आणखी माजतो. खरं तर त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र त्याला देतच असतात. वरून दिलेल्या नत्राचा नुसता पाला होतो.

गावरान वेल थांबलेला असतो रात्र मोठी व्हायला. दिवस आखडले की मगच तुरे निघतात, दसरा-दिवाळीच्या सुमारास. रस्त्यावरचा दिवा रात्रभर अंगावर पडत असेल, तर तेही लांबू शकतं. हल्ली बुटक्या जाती मिळतात, त्यांना दिवस लहान-मोठा असल्याचं काही नसतं. कुंडीत ठीक, पण मांडवाची मजा त्यांत नाही.

आता हा जांभळा तुरा जवळून बघा. देठाला काळा मावा चिकटलाय. मुंग्यांची ये-जा चाललीय, कारण मावा गोड चिकटा सोडतो आणि त्यापायी मुंग्या त्याची राखण करतात. त्यातच ही काळी, नारिंगी ठिपक्यांची, खरबरीत अळी. दिसायला ओंगळ, पण ती ढालकिड्याची. मावा खाऊनच वाढते. तिला चिरडू नका. पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं बराच मावा धुऊन जातो. औषधाची घाई कशाला?

शेंग कोवळी तोडायची. दोन्ही कडांच्या शिरा ओढून हातानंच मोडायची. कांदा-लसूण मसाला, शेंगदाण्याचा कूट, बास. जून शेंगांचे दाणे आमटीला. वाळलेले दाणे मात्र कच्चे खायचे नाहीत. रात्रभर भिजवून, पाणी टाकून, नीट शिजवायचे.

भोगीला वेल ऐन भरात असतो. त्या सकाळी शेजारून कुणीतरी रिकामी ताटली घेऊन हमखास येतं. देताना हात आखडू नये, पण खालच्या चार भरदार शेंगा बियाण्याला राखाव्यात. त्या वेलावरच खडखडीत वाळू द्यायच्या आणि दाणे चुलीच्या राखेत घोळून बरणीत भरायचे.