काट्यापर्यंत आईचा, काट्यापुढे बाबांचा

मायबाप हो, आणि समोर सतरंजीवर बसलेल्या माझ्या मायमाउल्यांनो,

दिवाळीच्या आगेमागे आपल्याकडे पऱ्हाटी फुटते. बाई पहाटे उठून भाकरी थापते, कमरेला जुन्या लुगड्याची ओटी बांधते आणि दिवसभर वाकून कापूस वेचते. बोंडाची वाळलेली टोकं नखाच्या कडेला टोचून बोटं सोलतात. रात्री वरणात तिखट टाकताना माझी आई बोटं झटकायची, ते मला अजून दिसतं. पुढे तोच कापूस गाडीत भरला जातो, बाजारात काट्यावर चढतो आणि पैशाचा चुकारा निघतो सातबारा ज्याच्या नावे त्याला. काट्यापर्यंत आईचा असलेला कापूस काट्यापुढे बाबांचा होतो. घरात कोणी लबाडी केलेली नसते. रीतच तशी आहे.

ही रीत निसर्गानं लावली असं आपण धरून चालतो. वखर, तिफण, फवारणी बाप्याची. निंदण, वेचणी बाईची. वेचणीला बाईचाच हात लागतो म्हणे. मग माझ्या धाकट्या भावाचं काय? दहा वर्षांचा होता, पण वेचायचा माझ्या दुप्पट. एक दिवस धुऱ्यावरून जाणारे एक काका त्याला म्हणाले, "काहून रे, पोरगी हायेस काय?" दुसऱ्या दिवसापासून त्यानं ओटी बांधली नाही. हात तर तेच होते!

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली. जे दोष बाईच्या माथी मारता, ते पुरुषांत नाहीत काय, असा त्यांचा रोकडा सवाल होता. ही बाई आपल्या वऱ्हाडातली, याचा मला फार अभिमान आहे.

आणि बाप्या झाल्याचा भार पोरांवरही पडतो, हे मला आज मुद्दाम सांगायचं आहे. रडायचं नाही, कर्जाचं घरात बोलायचं नाही. ज्या घरी धन्यानं जीव दिला, तिथं मी जाऊन बसले आहे. सावकार दारात आला तेव्हा त्या माउलीला कर्जाचा आकडा कळला. शेतातलं नांगराचं एकेक तास तिच्या पायाखालचं, पण आकडा तिला कोणी सांगितला नव्हता. जमीन सासऱ्याच्या नावे. सरकारी मदत १ लाखाची, तीही हेलपाटे घालून.

महाराष्ट्रानं १९९४ साली आणि देशानं २००५ साली वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका हक्क दिला. तरी आपण बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतोच. माहेर तुटू नये म्हणून मीही केली, आणि ती सही मला अजून सलते.

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, तेव्हा कितीतरी शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन केली. आजही नवऱ्यानं तलाठ्याकडे अर्ज दिला, तर सातबाऱ्यावर त्याच्या जोडीला तिचं नाव लागतं. माझ्या भावानं, त्याच ओटी सोडलेल्या भावानं, गेल्या उन्हाळ्यात तो अर्ज दिला. फेरफार मंजूर झाल्यावर नवा सातबारा घरी आला. वहिनीनं हात पदराला पुसले, कागद उजेडाला धरला आणि आपल्या नावावरून बोट फिरवत तो दोनदा वाचला.